जिरेनियमचा शेंडा

[दृश्य: खिडकीशेजारची कुंडी. कॅमेरा मातीपासून सावकाश वर सरकतो.]

खाली उघडी, तपकिरी काडी. मग बरंच अंतर काहीच नाही. वर चार-पाच फिकट पानं, तीही काचेकडे माना वळवून बसलेली. टोकाला फुलांचा एक गुच्छ, ज्याच्या वजनाने अख्खी फांदी कलंडते आहे. घरात ठेवलेल्या जिरेनियमची ही नेहमीची अवस्था. उंची वाढली म्हणून खूश होण्यासारखं यात काही नाही, कारण ही वाढ उपासमारीची आहे.

कुंडीत आपण जिरेनियम म्हणून लावतो ती झाडं शास्त्रीय वर्गीकरणात पेलार्गोनियम या वंशात मोडतात. १७८९ साली लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना जिरेनियमपासून वेगळं काढलं, रोपवाटिकांनी मात्र जुनंच नाव चालू ठेवलं. नावापेक्षा मूळ ठिकाण महत्त्वाचं. या वंशाच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. भरपूर ऊन आणि मधूनमधून कोरडी पडणारी जमीन यांची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मांसल खोडात त्या पाणी साठवतात. अशा झाडाला आपण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवतो आणि रोज प्रेमाने पाणी घालतो.

[दृश्य: खोलीच्या मध्यावर प्रकाशमापक, मग तोच बाहेर उन्हात.]

‘आमच्या खोलीत भरपूर उजेड असतो’ हे वाक्य डोळ्यांच्या भरवशावर बोललेलं असतं. बाहेर भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) असतो. संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत तो काहीशे लक्सवर येतो. आपले डोळे हा फरक सहज सांभाळून घेतात, पण पानांना ती सोय नाही. उजेड कमी पडला की खोडातल्या पेशी लांबत जातात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि खालची पानं पिवळी पडून गळतात. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमतं. त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि खोड खिडकीकडे झुकतं.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी कुंडीची जागा बदलायची. उत्तर गोलार्धात दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी, दक्षिण गोलार्धात उत्तरेची. रोज चार ते सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. तशी खिडकीच नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा शेंड्यापासून वीतभर-दीड वीत उंचीवर टांगून बारा ते चौदा तास लावावा. दर चार-पाच दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवली की झाड एका बाजूला कलत नाही. हिवाळ्यात मंद उजेड आणि उबदार खोली ही जोडी सगळ्यात वाईट. उबेमुळे वाढ चालूच राहते, पण ती पोसायला प्रकाश नसतो. त्या दिवसांत रात्रीचं तापमान दहा ते पंधरा अंश सेल्सिअस राहील अशी जागा जिरेनियमला मानवते.

[दृश्य: कात्रीचं पातं स्पिरिटने पुसलं जातं.]

आता छाटणी. शेंडा जागेवर असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे नवी फांदी जिथून फुटते त्या कळ्या, झोपलेले राहतात, कारण शेंड्याकडून खाली वाहणारं ऑक्सिन त्यांना दाबून ठेवतं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१४ मध्ये वाटाण्याच्या झाडांवर झालेल्या एका अभ्यासाने त्यात भर घातली. शेंडा तोडल्यावर ऑक्सिन कमी होण्याच्याही आधी साखर बाजूच्या डोळ्यांकडे धावते, आणि तिच्यामुळे डोळे हलू लागतात. जिरेनियमपुरता याचा व्यवहारी अर्थ मी असा लावेन: अंधारात उपाशी राहिलेल्या झाडाला छाटून लगेच फुटवा मागू नये. दोन-तीन आठवडे उजेडात राहू द्यावं, दिवस मोठे व्हायला लागले की कापावं.

काप पेराच्या किंचित वर घ्यायचा. पेर म्हणजे जिथे पान आहे किंवा गळलेल्या पानाची खूण दिसते ती गाठ. नवा फुटवा तिथूनच येतो. फांदीचा एक तृतीयांश ते निम्मा भाग काढला तरी चालतो, फक्त प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पानं उरली पाहिजेत. पार लाकडासारख्या झालेल्या बोडक्या खोडापर्यंत कापलं तर फुटेलच असं नाही. पातं पुसण्याचा कंटाळा करू नये, जिरेनियमचा जिवाणूजन्य करपा कात्रीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो.

छाटलेल्या झाडाला पानं कमी, म्हणून पाणीही कमी. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय घालू नये. बुंधा काळा पडून मऊ व्हायला लागला तर तो अतिपाण्याने आलेल्या कुजीचा परिणाम असतो. खताचंही तसंच. नत्र जास्त झालं की पुन्हा लुसलुशीत लांब काड्या येतात.

[दृश्य: बोटांच्या चिमटीत कोवळा शेंडा.]

नव्या फुटव्यांना तीन-चार पानं आली की त्यांचेही शेंडे नखाने खुडायचे. झाड भरदार होतं ते या दुसऱ्या खुडणीने, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. हाताला येणारा उग्र वास पानांवरच्या लवेतल्या तेलाचा. मांजर-कुत्रं घरात असेल तर खुडलेली पानं खाली टाकू नयेत, ती त्यांना बाधतात.

कापलेल्या फांद्यांचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून खालची पानं काढावीत, काही तास सावलीत ठेवून काप सुकू द्यावा आणि निचऱ्याच्या मिश्रणात खोचावेत. वर प्लास्टिकची पिशवी घालू नये, लवदार पानं कोंदट हवेत कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

लोंबत्या वेलासारखा जिरेनियमचा प्रकारही असतो. त्याची लांबी जन्मजात आहे. त्याला टांगत्या कुंडीत सोडून द्यावं.

खुडणीमुळे फुलं काही आठवडे लांबतात. तेवढी वाट बघवत नसेल तर निम्म्याच फांद्या आत्ता छाटाव्यात, उरलेल्या महिन्याभराने.