तीस मिनिटांची चौकट : महाराष्ट्रातील विद्यापीठांचे युवक महोत्सव

[माहितीपटासाठी निवेदन]

[दृश्य : रिकाम्या रंगमंचावर विद्यार्थी लाकडी लेव्हल्स, म्हणजे नेपथ्याचे ठोकळे, धावत आणून ठेवत आहेत. विंगेत एक स्वयंसेवक घड्याळ धरून उभा आहे.]

युवक महोत्सवातील एकांकिका पडदा उघडल्यावर सुरू होत नाही. रंगमंच संघाच्या ताब्यात येतो त्या क्षणापासून तिची कसोटी लागलेली असते. नेपथ्य लावण्याला आणि उचलण्याला दहा मिनिटे, प्रयोगाला तीस मिनिटे, रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ कलावंत आणि प्रकाश, संगीत व रंगभूषा सांभाळायला तीन साथीदार, अशी भारतीय विद्यापीठ संघ या देशभरातील विद्यापीठांच्या संघटनेच्या नियमावलीची चौकट आहे आणि महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठे आपापल्या महोत्सवांत ती थोड्याफार फरकाने पाळतात. नियम वाचताना रुक्ष वाटतात, पण विद्यार्थी रंगभूमीचे रूप बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवले आहे. दहा मिनिटांत भिंती उभ्या राहत नाहीत, म्हणून भिंती गेल्या. एकच ठोकळा पहिल्या प्रवेशात एसटीचे आसन होतो, दुसऱ्यात स्वयंपाकघराचा ओटा होतो आणि तिसऱ्यात त्याच्यावर उभा राहून कोणीतरी सरपंच भाषण ठोकतो. नऊ जणांत गाव दाखवायचे असल्यामुळे एकाच मुलाने खांद्यावरचे उपरणे डोक्याला गुंडाळून तीन माणसे उभी करायची असतात, आणि ती तीनही वेगळी वाटली तरच परीक्षकाची पेन्सिल हलते.

अशा महोत्सवांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने 1954 मध्ये दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. पुढे हे काम भारतीय विद्यापीठ संघाकडे आले आणि 1980 च्या दशकापासून विभागीय फेऱ्या व त्यानंतर राष्ट्रीय महोत्सव अशी घडी बसली. मुंबई विद्यापीठाचा महोत्सव मात्र 1960 च्या दशकापासून चालत आलेला आहे, म्हणजे राष्ट्रीय घडी बसण्याच्या कितीतरी आधीपासून. राज्यात 2003 पासून कुलपती या नात्याने राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ महोत्सव होऊ लागला आणि त्यामुळे कृषी, आरोग्यविज्ञान, तंत्रशास्त्र, पशुविज्ञान अशा विद्यापीठांचे विद्यार्थीही पारंपरिक विद्यापीठांच्या संघांसमोर उभे राहिले. दिवसभर पिकांवरील किडींचा अभ्यास करणारा विद्यार्थी संध्याकाळी मूकनाट्यात उभा असतो, तेव्हा कला हा फक्त कला शाखेचा विषय आहे या समजाला कोणी भाषण न करता उत्तर मिळते.

[दृश्य : महाविद्यालयाच्या आवारात थांबलेल्या गाडीच्या टपावर ढोल, हार्मोनियमची पेटी आणि कापडात गुंडाळलेले नेपथ्य चढवले जात आहे.]

महोत्सवाची रचना पायरीपायरीची आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे महोत्सव आधी होतात आणि त्यांतून निवडलेले संघ मध्यवर्ती महोत्सवात येतात. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर व उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत असल्यामुळे तेथेही विभागवार फेऱ्यांवाचून गत्यंतर नसते. सावंतवाडीच्या संघाला अंतिम फेरीसाठी मुंबई गाठायची म्हणजे सुमारे 500 किलोमीटरचा प्रवास. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार ही जबाबदारी विद्यार्थी विकास मंडळाकडे आहे, आणि सहभागी विद्यार्थी नियमित असावा व त्या वर्षीच्या 1 जुलैला त्याचे वय 25 पेक्षा कमी असावे ही राष्ट्रीय पातळीवरची अट खालच्या पायऱ्यांवरही सहसा लागू असते. ओळखपत्र, बोनाफाइड, प्राचार्यांच्या सहीचा प्रवेश अर्ज ही कागदपत्रे गोळा करता करता संघव्यवस्थापक प्राध्यापकांचा अर्धा उत्साह संपतो. उरलेला अर्धा मुक्कामाच्या खोल्या आणि साथीदारांची जेवणाची कुपने यांवर खर्च होतो.

स्पर्धांचे पाच गट आहेत : संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललितकला. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी त्यांत लोककलांची जोड दिली आहे, आणि आपल्या महोत्सवांची खरी ओळख मला तेथे दिसते. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या महोत्सवांत पोवाडा, भारूड, गोंधळ, वासुदेव, लावणी आणि जलसा या प्रकारांना स्वतःची जागा आहे. वासुदेव पहाटे दारावर येत असे तेव्हा त्याला प्रेक्षागृह नव्हते आणि घड्याळही नव्हते. आता मोरपिसांचा टोप डोक्यावर ठेवून आणि हातात टाळ व चिपळ्या घेऊन द्वितीय वर्ष वाणिज्यचा विद्यार्थी प्रकाशझोतात गिरकी घेतो, तेव्हा दान मागण्याचा तो सगळा व्यवहार काही मिनिटांत मांडायचा असतो. यात काहीतरी निसटते, हे मान्य केलेच पाहिजे. घरात ही कला नसलेल्या मुलाने ती शिकण्याची एवढी निकड मात्र दुसऱ्या कोणत्या निमित्ताने निर्माण झाली असती, याचे उत्तर सोपे नाही.

[दृश्य : संबळ वाजवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातांचे समीपदृश्य. एक काठी सरळ आहे, दुसरीचे टोक वाकलेले आहे.]

संबळ हे वाद्य या शिकण्याची साक्ष देते. दोन लहानमोठी भांडी एकमेकांना बांधलेली असतात आणि दोन्ही हातांतील काठ्या सारख्या नसतात, एकीचे टोक वाकलेले असते. तबल्यावर बोटे बसलेल्या मुलालाही हे वाद्य हातात येईपर्यंत मनगट नव्याने वळवावे लागते. त्यासाठी पुस्तक पुरत नाही. गावातील किंवा शेजारच्या तालुक्यातील गोंधळी घराण्यातील जाणत्या माणसाकडे जावे लागते. संघ त्यांच्या अंगणात बसतो, दिवटी कशी धरायची, देवतांना आवाहन करताना कोणाचे नाव आधी घ्यायचे हे विचारतो, आणि विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला हा पाठ महोत्सवाच्या निमित्ताने पूर्ण होतो.

जलशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. गाणी आणि संवाद यांतून रंगणारा जलसा सत्यशोधक चळवळीने प्रबोधनासाठी वापरला. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. मनोरंजन आणि जाब विचारणे या दोन्ही गोष्टी या प्रकारात जन्मापासून आहेत, म्हणून महोत्सवाच्या रंगमंचावर जलसा उभा राहिला की विषय शेतमालाच्या भावाचा असो, परीक्षांच्या गोंधळाचा असो वा जातीचा, प्रेक्षागृहातील वातावरण बदलते. समोरच्या रांगेत कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सदस्य बसलेले असतात आणि डफाच्या तालावर चाललेला सवालजवाब थेट त्यांच्याकडे बघून होतो. विद्यापीठाच्या इतर कोणत्याही मंचावर विद्यार्थ्याला हे इतक्या मोकळेपणाने, शिवाय टाळ्या घेऊन, करता येत नाही.

[दृश्य : मोठ्या वर्गखोलीत बाके भिंतीला लावली आहेत. जमिनीवर बसून विद्यार्थी शाडूच्या गोळ्याला आकार देत आहेत.]

ललितकलांकडे प्रेक्षक फारसे फिरकत नाहीत. स्थळचित्र, कोलाज, पोस्टर, व्यंगचित्र, रांगोळी आणि मातीकाम यांचे विषय तेथेच जाहीर होतात आणि साधारण अडीच तासांत काम पूर्ण करायचे असते. ‘ओझे’ असा विषय मिळाला की पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या खोलीत डोक्यावर मोळी घेतलेली बाई आकार घेऊ लागते. जो विद्यार्थी पहिला अर्धा तास मातीला हातच लावत नाही, त्याच्याकडे अनुभवी परीक्षकाचे लक्ष जाते. माती ओली असताना उभी राहिलेली आकृती वाळू लागली की मानेपाशी चीर पडते, म्हणून कल्पना कितीही उंच असली तरी तिचा पाया रुंद ठेवावा लागतो. छायाचित्रणाच्या स्पर्धेचा नियमही मार्मिक आहे. स्पर्धेपूर्वी कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड परीक्षक स्वतः कोरे करतात आणि संगणकावर फेरफार केलेले चित्र चालत नाही. सुगम गायन आणि समूहगीतांत चित्रपटगीतांना मज्जाव आहे, तसाच हा प्रकार : तयार माल बाजूला ठेवा आणि जे आहे ते येथे घडवा.

वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. वक्तृत्वात पाठ केलेले भाषण आणि विचार केलेले भाषण यांतला फरक तिसऱ्या वाक्याला कळतो, एवढे म्हणून पुढे जाणे बरे.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. सर्वसाधारण विजेतेपदाचा फिरता चषक महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेचा विषय झाला, तसे बाहेरचे व्यावसायिक दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक पैसे देऊन आणण्याची प्रथा रुजली. ज्या महाविद्यालयाला ते परवडते त्याचे लोकनृत्य सफाईदार होते आणि जे महाविद्यालय गावातल्या माहितगाराच्या भरवशावर येते ते गुणांत मागे पडते. शिवाय एखाद्या वर्षी ज्या शैलीला पारितोषिक मिळाले, तिची पुढच्या वर्षी रांग लागते : तोच निळा प्रकाश, तोच संथ होत जाणारा शेवट, तीच किंकाळी. यावर उपाय नियमावलीत सापडणार नाही, कारण दिग्दर्शन कोणी केले याची नोंद कागदावर होते, पण तालीम कोणी घेतली हे कागदाला दिसत नाही. परीक्षकांनी निकालानंतर संघांशी खुली चर्चा केली तर काही फरक पडतो. संहिता, संकल्पना आणि चालीमागचे कारण विद्यार्थ्याला सांगता येत नसेल, तर ते काम त्याचे नाही हे सगळ्यांसमोर उघड होते. अशी चर्चा आज काही ठिकाणीच होते. ती सगळीकडे व्हावी आणि तिला गुणपत्रिकेत स्थान मिळावे, असे आम्हाला वाटते.

[दृश्य : निकालफलकासमोर गर्दी आहे. वेगवेगळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी आपली नावे शोधत आहेत.]

निकाल लागल्यावर स्पर्धेचे नाते उलटे होते. पुढच्या फेरीला महाविद्यालयाचा नव्हे, विद्यापीठाचा संघ जातो आणि कालपर्यंत एकमेकांचे सूर जोखणारे विद्यार्थी पुष्कळदा एकाच सराव शिबिरात येतात. समूहगीतात सहाच गायक आणि तीनच वादक चालतात, म्हणून कोणाचा तरी तबला आणि कोणाचा तरी आवाज बाहेर राहतो. एका संघाला खालच्या पट्टीची सवय असते, दुसऱ्याचे मुख्य स्वर वरच्या पट्टीत फुललेले असतात. शिबिराचा पहिला दिवस बहुधा हार्मोनियमभोवती पट्टी ठरवण्यात जातो, आणि ती ठरली की दहा मिनिटांत बसणारे गीत निवडण्याचा वाद सुरू होतो.