पानामागे मजुरी

(दृश्य : सकाळ. अशोक चौकामागची गल्ली. यंत्रमागाचा आवाज. माडीवरच्या खोलीत मोबाइलच्या उजेडात एक चेहरा.)

सोलापूरच्या पूर्व भागात घड्याळ लावावं लागत नाही. खालचा माग सुरू झाला की माडीवरची फरशी थरथरते, आणि मला कळतं, नाना कामाला लागले.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. नाना म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य त्यांनी चादरी विणल्या. मजुरी नगावर. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकलो आणि आज मराठीत लिहून घराला हातभार लावतो. सोलापूर जिल्ह्याचे बाजारभाव, डाळिंबावरची फवारणी, अनुदानाचे अर्ज, एवढंच माझ्या वेबसाइटवर असतं. वाचणारा मला एक रुपया देत नाही. पैसे येतात ते जाहिरातींचे.

सुरुवातीला नाना विचारायचे, “नुसतं बघितलं म्हणून पैसे कोण देतो रे?”

मी त्यांना बाजार समितीचं उदाहरण दिलं. समजा, मोहोळचा एक शेतकरी रात्री जेवण आटोपून मोबाइलवर कांद्याचा भाव बघतो. बोट लावल्यापासून पान दिसेपर्यंत डोळ्याचं पातं लवतं, तेवढ्यात लिलाव होऊन जातो. ट्रॅक्टरवाला, बियाणंवाला, कर्ज देणारा, प्रत्येकाच्या वतीने यंत्रच बोली लावतं. ज्याची बोली वरचढ, त्याची जाहिरात त्या शेतकऱ्याला दिसते. मधल्या अडत्याचं काम गूगलचं अ‍ॅडसेन्स करतं. ते सुरू झालं 2003 मध्ये, पण मराठी पानांना त्यात जागा मिळायला 2018 उजाडलं. जाहिरातदाराच्या 100 रुपयांतले साधारण 68 वेबसाइटवाल्याच्या हातात पडतात, बाकीची अडत. पूर्वी जाहिरातीवर कुणी क्लिक केलं तरच बहुतेक पैसे मिळायचे. 2024 पासून जाहिरात हजार वेळा दिसली की किती, असा हिशोब असतो.

अडत म्हटल्यावर नानांना सगळं कळलं. पुढचा प्रश्न त्यांनी लगेच टाकला, “मग दर कोण ठरवतो?” मी नाही ठरवत. नानांची नगाची मजुरीही त्यांनी कधी ठरवली नाही.

दर कसा लागतो ते सांगतो. समजा, हजार पानांमागे 50 रुपये सुटले. महिन्याला 20 हजार हवे असतील तर 4 लाख पानं उघडली गेली पाहिजेत, म्हणजे रोज 13 हजारांच्या वर. इंग्रजीत विम्यावर लिहिणाऱ्याला यापेक्षा कितीतरी कमी पानांत तेवढेच पैसे मिळतात, कारण त्याच्या वाचकासाठी कंपन्या जास्त बोली लावतात. माझा वाचक मंगळवेढ्याचा ज्वारीवाला. त्याच्यासाठी बोली लावणारे थोडे, आणि तेही हात राखून. शिवाय दर वर्षभर सारखा राहत नाही. दिवाळीत चढतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, पाय ठेवायला जागा नसते, नेमका तेव्हा माझा दर पडलेला असतो. कंपन्यांचे सणासुदीचे पैसे तोवर खर्चून झालेले असतात.

(दृश्य : लोखंडी कपाट. लाईट बिलं, रेशन कार्ड, मध्ये एक घडी घातलेलं पाकीट.)

हे पाकीट नानांनी जपून ठेवलंय. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता खरा आहे का ते बघायला टपालाने सहा आकडी पिन येतो. कित्येक आठवडे मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. आमच्या गल्लीत घरांचे नंबर ओळीने नाहीतच. पोस्टमन मामांनी चौकातल्या चहावाल्याला विचारत विचारत घर शोधलं. त्यानंतर 100 डॉलर होईपर्यंत पैसे निघत नाहीत, आणि झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात. पहिले पैसे बँकेत आले तेव्हा अम्माने मेसेज दोनदा वाचून घेतला.

(दृश्य : मागावरून उतरलेली चादर. नानांचे हात.)

आता नानांच्या हातांकडे बघा. चादर मागावरून उतरली की ते ती दारातल्या उजेडात धरतात. डोळ्यांच्या आधी तळहात फिरतो. उभा धागा तुटून गेला असेल तर तिथे बारीक चर लागते, बोटाला ती आधी कळते. नक्षीत धागा चुकला असेल तर मोराची मान तुटल्यासारखी दिसते. असा नग सेकंडमध्ये जातो. त्याला भाव कमी. विणणाराही बोलणी खातो.

माझ्या धंद्यात असं होत नाही. सेकंडच्या पानाला फर्स्टचाच दर मिळतो. हे मला ज्या दिवशी कळलं, तो दिवस मी विसरलेलो नाही.

एका अनुदानाचे अर्ज तालुक्याच्या ऑफिसात आजपासून घेतायत, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. दुसऱ्यांच्या आधी टाकायचं म्हणून मी कुणालाही न विचारता पान चढवलं. दुपारपर्यंत आकडे असे पळाले की मी फोन खाली ठेवला नाही. संध्याकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. वेबसाइटवर माझा नंबर आहे. आवाज वयस्कर, चढा अजिबात नाही. म्हणाले, “पोरा, तुझं वाचून एसटीने गेलो. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, सगळं घेऊन. तिथं कुणाला काहीच माहीत नाही. आजचा खाडा पडला बघ.”

मी माफी मागितली. ते “असू दे” म्हणाले आणि फोन ठेवला. त्या महिन्यात सगळ्यात जास्त पैसे त्याच पानाने दिले.

नानांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नग तुझ्या हातून गेला ना? मग तूच बघायचा होतास.”

ते पान मी काढून टाकलं नाही. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ही माहिती चुकीची होती, कुणी जाऊ नका. आणि त्या पानावरच्या जाहिराती बंद केल्या.

तेव्हापासून भावाची बातमी लिहितानाही हात अडखळतो. बाजार समितीच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. मथळ्यात कमाल टाकला की पानं धडाधड उघडतात. पण तो भाव एखाद्याच वक्कलाला, म्हणजे मालाच्या एखाद्याच ढिगाला, मिळालेला असतो. गाडी भरायची की कांदा चाळीत साठवून ठेवायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला सर्वसाधारण भाव लागतो. मी तोच वर देतो. पानं कमी उघडतात, हे आकड्यांत स्पष्ट दिसतं.

अडचणी वाढतही चालल्यात. भारतात 2024 च्या ऑगस्टपासून गूगलच्या शोधात एआयने तयार केलेलं उत्तर वरच दिसू लागलंय. उत्तर तिथेच मिळालं तर माणूस पानापर्यंत येत नाही, आणि पान उघडलं नाही तर लिलावच होत नाही. म्हणून निव्वळ यावर घर चालवायचं म्हणणाऱ्या पोरांना मी सांगतो, सोबत दुसरं काहीतरी धरा. मी दिवसा एका दुकानाचा हिशोब लिहितो.

(दृश्य : रात्र. माग बंद. मोबाइलवर एक मेसेज.)

आज पुन्हा एका अनुदानाचा मेसेज आलाय. दोन वेबसाइटांनी टाकलाही. कृषी कार्यालय उद्या सकाळी उघडेल, तेव्हा फोन करीन. लिहिलेलं पान तयार आहे, चढवलेलं नाही. आजचा आकडा कालच्यापेक्षा खाली आहे. खालून नानांनी विचारलं, झोपला नाहीस का? मी दिवा मालवला.