पावसाळ्यातलं आजारी पिल्लू

(दृश्य: देवगड तालुक्यातली एक वाडी. आषाढातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलाय. आजी खुराड्याची फळी बाजूला सारते.)

खुराडं उघडलं की धडधाकट पिल्लं आईच्याही आधी बाहेर पडतात. नजर ठेवायची ती मागे राहिलेल्यावर.

हे साधारण पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू. पंखांवर नवी तांबूस पिसं आलीत, मानेवर अजून लव आहे. कोपऱ्यात उभं आहे, डोळे अर्धे मिटलेले, पंख खाली सुटलेले, सगळी पिसं फुगवलेली. समोर कणी टाकली तरी मान वळवत नाही. कोंबडीची जात आजार लपवते, कारण अशक्त दिसणाऱ्याला कळपातल्याच बाकीच्या टोचून काढतात. म्हणून आपल्या डोळ्यांना ते आजारी दिसलं, म्हणजे दुखणं कालपरवापासूनचं आहे असंच धरून चालायचं.

आजी त्याला उचलते. आधी छाती चाचपते. मधलं हाड बोटाला टोचतं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलंय. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी दाबून बघते, ती रिकामी. मग शेपटीखाली बघते. तिथली पिसं चिकटलीत, आणि खालच्या गोणपाटावर पडलेल्या शिटेत लालसर, तपकिरी रक्त आहे.

"शिटेत रगात आसा गो," ती नातीला सांगते.

(दृश्य: खुराड्यातली ओली माती, जवळून.)

ही रक्ती हगवण. डॉक्टर तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. आयमेरिया नावाचा, डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी आतड्याच्या आतल्या थरात वाढतो आणि तो थर फोडून बाहेर पडतो. रक्त येतं ते तिथून. आजारी पिल्लाच्या शिटेतून त्याची अंडी लाखांनी जमिनीवर पडतात. पडल्यापडल्या ती कुणाला बाधत नाहीत. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि तीच माती उकरणाऱ्या पुढच्या पिल्लाच्या पोटात जातात.

आता कोकणातला हिशेब बघा. कोंबडी वैशाखात खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. ती महिन्या-दीड महिन्याची होतात तेव्हा मृगाचा पाऊस लागून गेलेला असतो. रक्ती हगवण सगळ्यात जास्त धरते ती तीन ते सहा आठवड्यांच्या वयात. म्हणजे पिल्लाचं नाजूक वय आणि जमिनीची ओल, दोन्ही एकाच वेळी येतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर खुराड्यातली माती चार महिने आपणहून सुकत नाही.

(दृश्य: पडवीचा कोपरा. नात पुठ्ठ्याच्या खोक्यात तूस पसरते.)

पहिली गरज उबेची. औषध त्यानंतर. निरोगी कोंबडीचं अंग एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा पुष्कळ गरम. न खाणाऱ्या पिल्लाला ती ऊब टिकवता येत नाही. फुगवलेली पिसं ही त्याची थंडीशी चाललेली झटापट असते. खोक्यावर एका बाजूला पिवळा बल्ब सोडायचा, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. आणि पावसात वीज जाते, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवलेली बरी. चुलीजवळ खोका ठेवायची सवय घरोघर आहे. ऊब मिळते, पण धुरही मिळतो, आणि कोंबडीची फुप्फुसं धुराला फार कच्ची. चूल असेल तर वाऱ्याची दिशा बघून अंतर ठेवा.

खोका घरात असला, तरी बाहेरच्या भावंडांचा आवाज त्याच्या कानावर पडेल अशा ठिकाणी असावा. एकटं पडलेलं पिल्लू खायचंही सोडतं.

दुसरी गरज पाण्याची, आणि इथे आपण जरा थांबूया, कारण हगवण लागलेलं पिल्लू बहुधा पाण्यावाचून जातं, आणि घाईने पाणी पाजणाऱ्या माणसाच्या हातूनही जातं.

(दृश्य: आजीचे हात, अगदी जवळून. ड्रॉपर, पिल्लाची चोच.)

कोंबडीच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनलिकेचं तोंड असतं, उघडंच. चोच फाकवून वरून पाणी ओतलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं. म्हणून आजी चोच उघडतच नाही. पिल्लाला फडक्यात गुंडाळून छातीशी धरते, मान सरळ ठेवते, आणि चोचीच्या बाजूला, जिथे वरची आणि खालची चोच मिळते तिथे, एक थेंब टेकवते. थेंब आपसूक आत ओढला जातो. पिल्लू चोच वर करतं. गळा हलतो.

"गिळता?"

"गिळता."

"मगे दुसरो घाल. घाई करू नको."

पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ. उलटी-जुलाबात आपण माणसाला देतो तेच. मीठ मात्र खरोखर चिमूटभरच, लहान पक्ष्याला जास्त मीठ विषासारखं बाधतं. तासा-दीड तासाने पुन्हा, दिवसभर. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही.

(दृश्य: तालुक्याच्या रस्त्यावरचा पशुवैद्यकीय दवाखाना, बाहेरून.)

ताजी शीट पिशवीत घेऊन दवाखान्यात न्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी दिसतात आणि अंदाजाचा प्रश्न उरत नाही. जाणं जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. या आजारावर बहुधा अँप्रोलियम नावाचं औषध देतात, पिण्याच्या पाण्यातून, तीन ते पाच दिवस. प्रमाण डॉक्टर सांगतील तेच. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करतं. परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. म्हणून त्या दिवसांत ताकद यावी म्हणून बी-१ असलेलं टॉनिक देऊ नये, औषध आणि टॉनिक एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आजारी पिल्लू आपणहून पाणी पीत नाही, तेव्हा त्याचा वाटा ड्रॉपरनेच पोटात जायला हवा. आणि बरोबरच्या सगळ्या पिल्लांनाही तेच पाणी ठेवायचं, ती कितीही टवटवीत दिसली तरी.

हळद, लसूण, कांद्याचा रस हे उपाय वाडीत सगळेच सांगतात, मनापासून सांगतात. रक्ती हगवण त्यांनी बरी होत नाही. त्यात गेलेला एक दिवस पिल्लाला परवडत नाही.

आणखी एक खूण माहीत असू द्या. शीट हिरवट, मान पिळवटलेली, पाय लुळे, घशात घरघर असं असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिला औषध नाही, फक्त आधीची लस. आणि एका दिवसात चार-पाच पक्षी पटापट मेले, तर हात न लावता कळवायचं. २०२१ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. मेलेला पक्षी ओहोळात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना.

(दृश्य: पुरुष माणसं खुराडं रिकामं करतायत. फावडं, घमेलं, तुसाचं पोतं.)

आता जे काम दिसतंय, ते आमच्या मते शुश्रूषेचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक घरांत तेच राहून जातं. पिल्लू खोक्यात बरं होतं, पुन्हा त्याच ओल्या खुराड्यात जातं आणि पुन्हा आजारी पडतं. परजीवीची अंडी साध्या फिनेलला दाद देत नाहीत. ती मरतात सुकलेपणाने, कडक उन्हाने, उकळत्या पाण्याने. म्हणून वरची चार बोटं माती खरवडून लांब टाकलीय, फळ्यांवर उकळतं पाणी ओतलंय, तळाला चिऱ्यांवर फळ्यांची बैठक केलीय, आणि वर वीतभर कोरडं तूस. रोज एकदा ते हलवायचं. पाण्याची करवंटी जमिनीवर होती, तिच्यात पिल्लं पाय घालत, शिटत. आता भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगलंय. एका कोपऱ्यात चुलीची गार राख, अंग घोळवायला. उवा-पिसवा तिच्याने कमी होतात.

(दृश्य: खोक्यात पिल्लू उभं आहे. समोर बशी.)

रक्त थांबलं की भूक परत येते, पण आतडं अजून हुळहुळं असतं. पातळ पेज, उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, मग भिजवलेलं पिल्लांचं खाद्य. नुसत्या कणीवर पिसं आणि मांस भरत नाही. किनाऱ्यावरच्या घरात सुका जवळा असतोच, त्याची पूड मोठी मदत करते. जवळा बिनमिठाचा, नुसता उन्हात वाळवलेला हवा. खारवलेली मासळी नको.

आजी रोज रात्री आणि सकाळी गळ्याखालची पिशवी चाचपते. रात्री भरलेली, सकाळी रिकामी, म्हणजे आतडं कामाला लागलं. आज सकाळी ती रिकामी होती आणि पिल्लू बोटाला टोचत होतं. कॅमेऱ्यामागे आम्ही सगळे हसलो.

एका पिल्लासाठी एवढा खटाटोप कशाला, असं शेजारी विचारतात. गावठी कोंबडी सहा महिन्यांनी अंड्यावर येते, स्वतः खुडूक बसते, स्वतः पिल्लं वाढवते, घारीवर तुटून पडते. अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात राहतात. हा हिशेब खरा आहेच. पण हिशेब नसता तरी भुकेलेल्या, थरथरणाऱ्या जिवाला ऊब आणि पाणी द्यायलाच हवं, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: रात्र. बॅटरीच्या उजेडात पिल्लू खुराड्यात ठेवलं जातं.)

बरं झालेलं पिल्लू थेट कळपात सोडायचं नाही. आधी एक-दोन दिवस डालग्याखाली ठेवायचं, कळपाच्या मधोमध, म्हणजे बाकीच्या त्याला बघतील पण टोचू शकणार नाहीत. मग अंधार पडल्यावर खुराड्यात सरकवायचं. आयमेरियाच्या ज्या प्रकाराने ते आजारी पडलं, त्याच्याशी झुंजायची ताकद आता त्याच्यात आलीय. पण कोंबड्यांना धरणारे मुख्य प्रकारच सात आहेत, तेव्हा तूस कोरडं ठेवणं सुटत नाही.

मानमोडीची लासोटा लस पिल्लं पाच-सात दिवसांची असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून देतात. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांच्या हिशेबाने येते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. सात-आठ पिल्लांच्या एका घराला ती परवडत नाही, अख्ख्या वाडीला परवडते. कुणाची कोंबडी कधी खुडूक बसली, कुणाकडे किती अंडी ठेवलीत, हे आजी घरोघर विचारतेय आणि नात वहीत लिहून घेतेय. लशीचा दिवस त्यावरून ठरेल.