स्पिंडल मोल्डरसाठी कटर घेताना

मंडळी, स्पिंडल मोल्डर, म्हणजे उभ्या फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) कटर चढवून लाकडाला खाच आणि नक्षीची कड पाडणारं मशीन, घेताना आपण दहा ठिकाणी भाव काढतो. मशीन कारखान्यात उतरलं की कळतं, खर्च अजून संपलेला नाही, कटर घ्यायचेत. मग दुकानदार वीस कटरांची लाकडी पेटी उघडून दाखवतो. दिसायला झकास! पण त्यातले तीन-चार रोज फिरतात, बाकीचे पेटीतच गंजतात. ते पैसे दोन चांगल्या हेडांत, म्हणजे सुटी पाती बसवायच्या धातूच्या गोल ठोकळ्यांत, घाला.

पहिलं रिबेटचं, म्हणजे कडेला पायरीसारखी खाच पाडायचं हेड. १२५ मिमी व्यास, ५० मिमी उंची. त्यात ५० बाय १२ बाय १.५ मिमीची कार्बाइडची पाती स्क्रूने आवळलेली असतात. एक धार गेली की पातं उलटं करायचं, दुसरी धार तयार. कोपऱ्यात चौकोनी छोटी पाती असतात, त्यांना तर चार धारा. चौकटीची खाच असो की फळीची कड, निम्मं काम हेच हेड उरकतं. धारवाल्याकडे खेपा नाहीत.

दुसरं, पाती बदलायचं हेड. ४० मिमी उंच, ४ मिमी जाडीची पाती. नवा गोला, म्हणजे कडेच्या नक्षीचा आकार, हवा असेल तर अख्खा कटर नको, पात्यांची जोडी पुरते. आता पाती हायस्पीड स्टीलची की कार्बाइडची? पाईनसारख्या मऊ लाकडावर हायस्पीड छान, स्वस्तही. पण सागात सिलिका असते, ती धार खाते. एमडीएफ आणि प्लायमधला डिंक त्याहून वाईट. तिथे हायस्पीड घेणं म्हणजे पैसे वाचवल्याचा नुसता भास.

टिप लावलेला पक्का कटर (कार्बाइडचा तुकडा कायमचा जोडलेला) घ्यावा, पण ज्या गोल्याचं काम बारा महिने चालतं त्याच गोल्याचा. घेताना टिपेची जाडी बघा. धार फक्त टिपेच्या सपाट तोंडावर, डायमंडच्या चाकाने लावायची. पाठ घासली की गोल्याचा आकार बिघडला. म्हणजे जेवढी जाडी, तेवढ्या वेळा धार. पातळ टिपेचा कटर स्वस्त का, ते इथे कळतं.

जुना माल? मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हिंडणाऱ्यांना मी नाही म्हणणार नाही. फक्त खिशात व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) ठेवा. ३० मिमी भोकाचा कटर सव्वा इंची स्पिंडलवर जाणारच नाही, कारण सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. उलट केलंत तर कटर पावणेदोन मिमी सैल. तिथे टेप गुंडाळणारे महाभाग आहेत! नीट वळलेला बुश (भोकात बसणारी धातूची नळी) घ्या, नाहीतर कटर सोडा. कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) कोरलेला नसेल तरी सोडा.

एक गोष्ट मात्र फुकट दिली तरी घेऊ नका: दोन खाचदार कॉलरांमध्ये (स्पिंडलवरच्या धातूच्या कड्यांमध्ये) सुटी पाती दाबून धरायची जुनी पद्धत. एक पातं दुसऱ्यापेक्षा केसभर अरुंद असलं, की कॉलर रुंद पात्यावर टेकतात आणि अरुंद पातं मोकळंच राहतं. मशीन सुरू करा, ते सुटतं, आणि समोर तुम्ही उभे असता. पातं सुटू न देणारी पिन आणि पात्यापुढे मर्यादक (चावा मर्यादित ठेवणारा तुकडा) असलेलं हेड यासाठीच. मर्यादकापुढे पातं जेमतेम १.१ मिमी निघतं. हात घसरला तरी एका पात्याचा चावा तेवढाच. युरोपात हाताने लाकूड सरकवायच्या कटरांना हाच दंडक आहे.

आता वेग. १२५ मिमीचं हेड ६००० आरपीएमला फिरलं तर धार सेकंदाला साधारण ३९ मीटर जाते. आपल्याकडे आधीच असलेला २५ मिमीचा राउटर बिट (राउटर या हातमशीनचा छोटा कटर) कोलेट (त्याची दांडी पकडणारी पकड) लावून स्पिंडलवर चढवला, तर १०,००० आरपीएमलाही जेमतेम १३. म्हणून तंतू फाटतात. आठवड्याला दोन-चार फुटांचं काम असेल तर चालवा. बारीक चावा घ्या, लाकूड सावकाश सरकवा. त्याच गोल्याची ऑर्डर नियमित यायला लागली, की त्याची पाती मागवा.