नाकातला फाळ

विदर्भातल्या खेड्यात आई मुलाला ‘वाचत बस’ म्हणते, तेव्हा तिला ‘अभ्यास कर’ एवढेच म्हणायचे असते. अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचलेली गोष्ट तिच्या हिशेबी वाचनात धरली जात नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूसपट्ट्यातल्या गावातून सेवाग्रामला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्या या मुलाने ती लपवाछपवी वसतिगृहातही सोडलेली नाही. फरक इतकाच, की आता पुस्तक लपवायचे ते स्वतःपासून.

सेवाग्रामचे मूळ नाव शेगाव. १९३६ साली महात्मा गांधी इथे राहायला आले, आणि गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये हे नाव बदलले. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. या संस्थेत आलेल्या नव्या विद्यार्थ्याचा पहिला मुक्काम आश्रमात पडतो. पंधरा दिवस प्रार्थना, सफाई, श्रमदान आणि सूतकताई चालते, अंगावर खादी असते, आणि डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांच्या हातात आधी झाडू येतो, मग शवविच्छेदनाचा चिमटा.

त्यानंतरचे दिवस मात्र कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात असतात तसेच आहेत. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन विषय पहिले वर्ष गिळून टाकतात. ज्यांनी मरणोत्तर देहदान केले, त्यांच्याविषयी आदराची शपथ घेऊन मुले विच्छेदनाच्या टेबलाभोवती उभी राहतात, आणि देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनचा वास दुपारच्या वरण-भातापर्यंत त्यांची पाठ सोडत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हे शाळेत पाठ करून झालेले असते. इथे त्या प्रत्येक हाडावरचा उंचवटा, खाच आणि भोक नावानिशी ओळखावे लागते. हाडांचा संच सिनियरकडून ज्युनियरकडे येतो, आणि त्यावर आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने काढलेल्या खुणा असतात. ‘पार्ट’, म्हणजे शरीराचा शिकायला दिलेला एक भाग, संपला की तोंडी परीक्षा, ती संपेपर्यंत दुसरा ‘पार्ट’ सुरू झालेला असतो.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलाला अडचण झाली ती विषयाची नव्हे, शब्दांची. इंग्रजीचे ओझे अंगवळणी पडते आहे तोच मागून लॅटिन आणि ग्रीक आले. घोकंपट्टी करून ते शब्द रात्री बसत आणि सकाळी उठून जात. एका संध्याकाळी, कंटाळून, त्याने या शब्दांचे मूळ अर्थ शोधायला सुरुवात केली, आणि त्या निर्जीव यादीत माणसांची वस्ती दिसू लागली. नडगीच्या हाडाचे नाव टिबिया, आणि लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे बासरी. शरीरातला सर्वांत लांब स्नायू सार्टोरियस, म्हणजे शिंप्याचा स्नायू, कारण मांडी घालून बसताना तो कामी येतो आणि जुने शिंपी तसेच बसत. कानातल्या कॉक्लियाचा अर्थ गोगलगाय. आणि नाकाच्या पडद्याचा खालचा-मागचा भाग घडवणारे जे पातळ हाड आहे, त्याचे नाव व्होमर, म्हणजे चक्क नांगराचा फाळ. ज्याच्या घरच्या गोठ्यात गंजलेला फाळ अजून भिंतीला टेकून उभा आहे, त्याला हे हाड पुन्हा पाठ करावे लागले नाही.

त्याचे खरे अवांतर वाचन मात्र रात्री साडेअकरानंतरचे. गादीखाली दोन जुने दिवाळी अंक आहेत. १९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेमकी सोयीची पडते, कारण एक कथा वीस मिनिटांत संपते आणि कादंबरीसारखी ती दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात डोके वर काढत नाही. हे अंक त्याच्या गावच्या वाचनालयातले आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. त्याच्या गावचे ‘ड’ वर्गातले, म्हणजे एक खोली, तीन कपाटे आणि वर्तमानपत्रांसाठी एक बाक. दिवाळीच्या सुट्टीत घरची सगळी माणसे कापूस वेचायला शेतात असतात. तो सकाळी त्यांच्याबरोबर वेचणी करतो आणि दुपारी वाचनालयातून मागच्या वर्षीचे अंक घेऊन येतो, कारण नवे अंक त्याआधीच सरपंचांच्या घरी पोहोचलेले असतात.

वसतिगृहातले सगळेच असे वाचतात, असा समज करून देणे योग्य होणार नाही. बहुतेकांचा मोकळा वेळ मोबाइलवर, टपरीवरच्या चहावर आणि उन्हाळ्यात कूलरसमोर निपचित पडण्यात जातो. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे, तो त्यांना नावे ठेवणार नाही. कथा-कविता वाचल्याने विद्यार्थी चांगला डॉक्टर होतो असे भाषणांतून सांगितले जाते. असेलही. पण रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचणाऱ्या या मुलाला उद्याचा चांगला डॉक्टर व्हायचे नसते. दिवसभर परक्या शब्दांत वावरल्यावर त्याला वीस मिनिटे अशी भाषा हवी असते, जिच्यातला एकही शब्द कुणी तोंडी परीक्षेत विचारणार नाही.

पहिल्याच वर्षात त्याच्या तुकडीने एक खेडे दत्तक घेतले आहे. शिबिराच्या काळात मुले त्या गावातच राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढेही त्या घरांशी संबंध ठेवायचा असतो. कुटुंब दत्तक घेण्याची ही पद्धत आता देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आली आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार नसलेला हा विद्यार्थी रक्तदाब मोजतो, वजन घेतो, पाणी कुठून भरता ते विचारतो आणि वहीत नोंदवतो. त्याच्या एका घरातले आजोबा त्याला पहिल्या दिवसापासून ‘डाक्टरसाहेब’ म्हणतात, आणि ‘आजोबा, मी अजून शिकतोच आहे’ हे वाक्य ऐकू न आल्यासारखे करतात. त्यांच्या कोनाड्यात तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही, म्हणून नोंदी झाल्यावर तो त्यांना चार ओव्या वाचून दाखवतो. घरात मोठ्याने मराठी वाचण्याची त्याची सवय सुटली होती. सुरुवातीला तो अडखळला आणि आजोबांनी पुढची ओळ पाठ म्हणून दाखवली.

एका भेटीत ओव्या संपल्यावर बोलता बोलता त्याने त्यांना नाकातल्या फाळाची गोष्ट सांगितली. आजोबांनी नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारले, ‘‘नाकात फाळ हाये म्हनता, मंग नांगरते कोन बाप्पा?’’

परत आल्यावर त्याने रचनाशास्त्राच्या वहीत व्होमरच्या आकृतीशेजारी हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले. वही तपासणाऱ्या सरांनी त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली आहे. ती आकृतीला आहे की आजोबांच्या प्रश्नाला, हे त्याने अजून विचारलेले नाही.