पाटलांचा आवाज

(दृश्य: नाट्यगृहाची रंगपटाची खोली. आरशाभोवतीचे दिवे लागतात. आरशाच्या कडेला रवी पटवर्धनांचा फोटो.)

ही पांढरी दाढी चिकटवलेली नाही, त्यांची स्वतःचीच आहे. भुवया जाड, नजर रोखलेली. रवी पटवर्धन हे नाव कदाचित चटकन आठवणार नाही, पण चेहरा तुम्ही ओळखलाच असेल. आणि आवाज ऐकलात, की माणूसच समोर उभा राहील.

(दृश्य: फेटा बांधणारे हात.)

कापडाचं एक टोक दातात, दुसरं मुठीत. पीळ देत देत एकेक फेर चढतो आणि शेवटी मागे शेव सुटते. असा फेटा डोक्यावर आला, की पटवर्धनांचा पाटील व्हायचा. मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं, त्यातले वस्ताद पाटील ते हेच.

(दृश्य: वरळीचा दूरदर्शनचा मनोरा. मग गावातला एक जुना वाडा, ओसरीवर बंद पडलेला टीव्ही.)

तेव्हा गावात टीव्ही एखाद-दुसऱ्या घरी असायचा. संध्याकाळी ओसरी भरायची. बियाणं, खत, कीड, कर्ज हे विषय तसे रूक्ष. साहेबानं खुर्चीत बसून सांगितले असते, तर कुणी ऐकलं नसतं. तेच पाटलानं गप्पांच्या ओघात काढले, की गावाला आपल्यातलं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. शेतकऱ्याचं हसं न करता शेतकरी उभा करणं अवघड असतं. पटवर्धनांनी ते केलं, आणि हे मोठं काम होतं असं आम्ही ठामपणे म्हणतो.

(दृश्य: फोर्टातली रिझर्व्ह बँकेची इमारत. लोकलच्या दारातली गर्दी.)

हा पाटील नोकरीला मात्र रिझर्व्ह बँकेत होता आणि राहायला ठाण्यात. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांची जी पिढी मराठी रंगभूमीला लाभली, तिच्यातलेच ते एक. रंगमंचावर पहिलं पाऊल पडलं १९४४ सालच्या नाट्यमहोत्सवात, एका बालनाट्यात. वय जेमतेम साडेसहा. पुढे नाटकं दीडशेच्या आसपास, चित्रपट दोनशेच्या वर. ‘उंबरठा’, ‘अंकुश’, ‘तेजाब’. कधी पाटील, कधी अधिकारी, कधी खलनायक. पोस्टरवर मात्र त्यांचा चेहरा क्वचितच.

(दृश्य: अंधारा रंगमंच. एकच प्रकाशझोत, त्यात एक आसन.)

इथे जरा थांबू या. रत्नाकर मतकरींचं ‘आरण्यक’ १९७४ साली रंगभूमीवर आलं. महाभारत युद्धानंतरची कथा, आणि भाषा मुक्तछंदातली. त्यात पटवर्धन धृतराष्ट्र झाले. आंधळा राजा साकारताना नटाचं सगळ्यांत मोठं हत्यारच काढून घेतलेलं असतं, ते म्हणजे नजर. समोरचा बोलतो तेव्हा त्याच्याकडे बघायचं नाही, फक्त कान द्यायचा. मान किती वळवायची, हात काठीवर किती घट्ट धरायचा, सगळं आवाजाच्या दिशेवर. चाळीसहून अधिक वर्षांनी हे नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा विदुर दिलीप प्रभावळकरच होते आणि धृतराष्ट्र पटवर्धनच. ऐंशी ओलांडलेला नट ते लांबलचक संवाद तोंडपाठ म्हणत होता. पाठांतराची सवय अशी, की उतारवयात त्यांनी गीतेचे ७०० श्लोकही मुखोद्गत केले.

(दृश्य: दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब, आजीच्या हातात रिमोट.)

मग २०१९ साली ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. विधवा सुनेच्या दुसऱ्या लग्नाला अडून बसणारा सासरा, आणि नातवाला घातलेली ‘कोंबडीच्या’ ही हाक. ती घराघरांत पोरांच्या तोंडी गेली. वस्ताद पाटील ज्यांनी पाहिले नव्हते, त्यांना हे आजोबा मिळाले.

(दृश्य: कुलूप लावलेला स्टुडिओ.)

२०२० साली टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झालं, ते ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर येऊ न देण्याच्या अटीवर. ज्यांच्या जिवावर मालिकांतली घरं घरासारखी दिसतात, त्यांनाच दार बंद. आमच्या मते तो अन्यायच होता. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ठाण्यात, पटवर्धन गेले.

(दृश्य: पुन्हा रंगपट. आरशाच्या कडेला तोच फोटो. बाहेर तिसरी घंटा वाजते. निवेदन नाही.)