ड्यूक काय बोलतोय ते नीट ऐका

झेरॉक्स सगळ्यांपर्यंत पोचली असं धरून चालतो. 56 ओळींची कविता आहे, रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस', आणि आज एवढ्या एकाच कवितेवर बोलायचंय. कारण आपल्याकडे इंग्लिश कविता वाचायची म्हणजे काय, तर आधी गाईड उघडायचं, त्यात थीम दिलेली असते, कवीचा जन्म-मृत्यू असतो, अलंकार असतात, आणि ते सगळं पाठ झालं की कविता नाही वाचली तरी पेपर सुटतो.

केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी कवीचं नाव न सांगता विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि म्हणाले लिहा काय वाटतं ते. 1929 साली त्याचं पुस्तक आलं. डन काय, हॉपकिन्स काय, भल्याभल्यांच्या कविता पोरांनी नापास केलेल्या, आणि कित्येकांना तर साधा सरळ अर्थच लागलेला नव्हता. म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या इंग्लिशचं नाही, साहेबाच्या पोरांचंही होतं. मला तर हे वाचून जरा बरंच वाटलं होतं.

तर थीम बाजूला ठेवा. कोण बोलतंय, कुणाशी, आणि कशासाठी, एवढंच विचारा. बोलतोय इटलीतल्या फेराराचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधीश सरदार; डचेस म्हणजे त्याची बायको. पडदा बाजूला करून तो पाहुण्याला भिंतीवरचं आपल्या आधीच्या बायकोचं चित्र दाखवतोय. पाहुणा कोण हे आपल्याला पार शेवटाकडे कळतं, एका काउंटचा माणूस, सोयरीक घेऊन आलेला. आणि हे कळलं की परत पहिल्या ओळीवर यावंच लागतं, कारण आतापर्यंत आपण जे चित्रकलेवरचं बोलणं समजत होतो ते लग्नाच्या बैठकीतलं बोलणं निघतं.

आता मोठ्यांदा वाचा, पण ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्ह येईल तिथेच थांबा. शाळेत आपल्याला ओळीच्या शेवटी हेल काढायची सवय लागलेली असते ती इथे मोडावी लागते. 'आय कॉल' इथे ओळ संपते पण वाक्य पुढे जातं, 'दॅट पीस अ वंडर, नाऊ'. दर दोन ओळींना यमक आहे, अशा 28 जोड्या, 'वॉल' आणि 'कॉल', 'हँड्स' आणि 'स्टँड्स', तरी नीट वाचलं तर ते यमक कानाला जवळजवळ लागतच नाही, इतकं ते गप्पांत विरून जातं. आणि हाच माणूस मधेच म्हणतो की मला काही बोलण्याची कला अवगत नाही! अहो, 28 यमकं बेमालूम जिरवून बसलाय आणि म्हणे बोलता येत नाही.

त्याची तक्रार काय? बायको सगळ्यांकडे बघून हसायची. यादीच देतो तो. त्याने दिलेली भेट, पश्चिमेला मावळणारा उजेड, कुणा आगाऊ माणसाने बागेतून तोडून आणलेली चेरीची फांदी, गच्चीवर फिरायचं तिचं पांढरं खेचर, तिला सगळ्याचा सारखाच आनंद. नऊशे वर्षांचं खानदानी नाव दिलं मी तिला आणि ही ते चेरीच्या फांदीच्या रांगेत बसवते, हे त्याचं दुखणं. गंमत बघा, आरोप म्हणून दिलेली ही यादी वाचता वाचता आपल्याला ती पोरगी आवडायला लागते. साक्षीदार त्याने स्वतःच उभा केला आणि तो उलटला.

मग ती ओळ. 'आय गेव्ह कमांड्स. देन ऑल स्माइल्स स्टॉप्ड टुगेदर.' हुकूम दिले, हसणं थांबलं. बस. लगेच पुढे, ती बघा उभी आहे, जिवंत असल्यासारखी. हे शब्द सुरुवातीलाही येऊन गेलेत, तेव्हा ते चित्राचं कौतुक वाटलं होतं, आता अंगावर येतात. पण 'त्याने तिला मारलं' असं उत्तरपत्रिकेत ठोकून देऊ नका, कविता तसं म्हणत नाही. खुद्द ब्राउनिंगला कुणीतरी विचारलं तर तो म्हणाला, तिला ठार मारायचे हुकूम, आणि मग थोडं थांबून, किंवा मठात डांबलं असेल. हा ड्यूक ज्याच्यावरून घेतला असं मानतात तो इतिहासातला फेराराचा ड्यूक आल्फोन्सो घ्या, त्याची बायको लुक्रेझिया दे मेदिची, 1558 ला लग्न आणि 1561 ला सोळाव्या वर्षी वारली, विष घातल्याची अफवा तेव्हाही होती. पण हा इतिहास कवितेच्या रिकाम्या जागेत कोंबायचा नाही, बाजूला ठेवायचा.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. हुकमाची गोष्ट सांगून झाल्या झाल्या, चला खाली जाऊ म्हणतो आणि लगेच देण्याघेण्यावर येतो. तुमच्या काउंटसाहेबांचा हात किती सढळ आहे ते सगळ्यांना माहितीये, तेव्हा हुंड्याची माझी वाजवी मागणी काही ते मोडणार नाहीत, अर्थात मला हवी ती त्यांची मुलगीच, सुरुवातीलाच बोललो तसं. ओळखीचं वाटतंय ना? आम्हाला काही नको हो, मुलगी आणि नारळ द्या, आणि मग याद्या करायला बसायचं. गाईडवाले इथे 'ड्यूकचा लोभ' लिहून मोकळे होतात. पण लोभ तर कुणालाही दिसतो, क्रम बघा ना. गेलेल्या बायकोचा हिशोब आधी, येणारीचा नंतर, आणि निरोप कुणामार्फत, तर मुलीच्या बापाच्याच माणसामार्फत. तिने कसं वागायचं हे त्याने एका शब्दाने न सांगता सांगितलंय.

तरीही हा माणूस ऐकत राहावासा वाटतो, हे मान्य करा. समीक्षक रॉबर्ट लँगबॉमने 1957 च्या पुस्तकात नेमकं यावरच बोट ठेवलंय, की आपण निकाल द्यायचं लांबणीवर टाकतो आणि त्याच्या ऐटीत वाहवत जातो. मला हे पटतं, पण अर्धंच. त्या नादात तिचा स्वतःचा एकही शब्द अख्ख्या कवितेत नाही हे विसरायला होतं, आणि ते विसरलो तर पडद्याची दोरी पुन्हा त्याच्याच हातात दिल्यासारखं आहे.

एक जागा तुमच्यासाठी सोडतो. जिन्याजवळ ड्यूक म्हणतो, 'ने, वील गो टुगेदर डाउन, सर'. छे, आपण बरोबरच उतरू. म्हणजे पाहुण्याने काहीतरी केलं असणार. मानाने मागे सरकला, की ऐकून घाबरला आणि पुढे सटकायला बघत होता? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पहिल्या बाजूचे कोण असतील त्यांनी चहानंतर बोला, फक्त ओळ दाखवून बोला.